मोटारसायकलीचा पंखा आणि ठकीचा दाखला

कऱ्हाटी

कऱ्हाटी ते इंदापूर हा काही लिहून ठेवण्यासारखा प्रवास नव्हे. बारामतीला एसटी बदलली की माणूस पोहोचतो. मी तो पन्नास वेळा केला असेल आणि एकदाही लिहावासा वाटला नाही. या जूनमध्ये मात्र मी तो मोटारसायकलीच्या मागं बसून केला आणि त्याला दोन दिवस लागले, म्हणून लिहिते. वाचणाऱ्यांपैकी कुणाची मोटारसायकल पाण्यानं गार होणारी असेल तर त्याला उपयोगही होईल.

माझं माहेर सणसर. माझा भाऊ शंकर वारला. त्याचा मुलगा अशोक मुंबईला गोदीत फिटर आहे. अशोकची मुलगी वैशाली यंदा बारावी झाली आणि तिला पुण्याला नर्सिंगच्या कोर्सला जायचं होतं. अर्ज द्यायची शेवटची तारीख बुधवारची. सोमवार उजाडला तरी जातीचा दाखला हातात नव्हता.

आम्ही छप्पन सालानंतर बौद्ध झालो. आता बौद्धांनाही सवलत मिळते, तसा कायदा होऊन काही वर्षं झाली. पण आधी तुम्ही कोण होतात याचा जुना कागद लागतो, आणि तो बापाकडच्या माणसाचा लागतो. शंकर शाळेची पायरी कधी चढला नाही. तो धडधाकट होता म्हणून गुरांमागं गेला. मी किडकिडीत होते, सारखी आजारी, कुणाच्या कामाची नव्हते, म्हणून आईनं मला शाळेत बसवलं. चौथी झाले. आमच्या घरात त्या काळी रजिस्टरात नाव लागलेलं माणूस मी एकटीच. बिनकामाची म्हणून जिला शाळेत घातलं, तिच्यावर आता नातीचा कोर्स येऊन थांबला होता.

काम दोन ठिकाणी होतं. सणसरच्या शाळेतून माझ्या नावाचा उतारा काढायचा, आणि इंदापूरच्या तहसील कचेरीत मी स्वतः उभं राहून लिहून द्यायचं की रजिस्टरातली ती मुलगी मीच आणि अशोकचा बाप माझा सख्खा भाऊ. बाकीचे कागद अशोकनं आधीच दिले होते.

सोमवारी दुपारी अशोक मला न्यायला आला तो मोटारसायकल घेऊन. मी म्हटलं, एसटीनं जाऊ. तो म्हणाला, "आत्या, एसटीची वाट बघत बसलो तर वैशालीचा कोर्स हुकंल. ही तासात सणसरला टाकती तुला."

ही गाडी त्यानं मुंबईत लिलावात घेतलेली. कुणी परदेशी माणूस ती इथं सोडून गेला होता. अंगानं म्हशीएवढी, आणि लाडही म्हशीसारखेच. पुढच्या चाकामागं एक जाळी, तिच्यात पाणी. त्या पाण्यानं इंजिन गार राहतं. गाडी पळत असली की वाऱ्यानं जाळीतलं पाणी थंड होतं. गाडी उभी राहिली किंवा हळू चालली की वारा मिळत नाही, तेव्हा जाळीमागचा ताटलीएवढा पंखा आपोआप फिरायला लागतो. एवढं सगळं अशोकनं मला मी न विचारता सांगितलं. मी म्हटलं, "आमच्या कऱ्हाटीत माणसांना टँकरचं पाणी, आणि तुझ्या गाडीला पाणी आणि पंखा दोन्ही. भाग्यवान हाय."

पदर कमरेला खोचून, पिशवी मांडीवर घेऊन मी एका अंगानं बसले. पासष्टीच्या बाईला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं बसता येत नाही.

बारामती

कऱ्हाटीपासून बारामतीपर्यंत रस्ता मोकळा होता आणि गाडी चांगली पळाली. आमच्या बाजूला माळ, हुलग्याची रानं आणि पाऊस येईल म्हणून नांगरून ठेवलेली काळपट ढेकळं. बारामती जवळ आली की कालवा लागतो आणि डोळ्यांपुढं एकदम हिरवं होतं. तालुका एकच, पण आमच्याकडं सोयरीक करताना आधी विचारतात, पोरगी बागायतात द्यायची की जिरायतात.

गावात बाजाराची गर्दी होती. बैलगाड्या, रिक्षा, हातगाडे. गाडी चार पावलं चालायची, थांबायची. तेवढ्यात अशोकच्या पुढ्यातला तांबडा दिवा लागला. त्यानं गाडी बाजूला घेतली. इंजिनातून तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज येत होता.

"पंखा फिरंना," तो म्हणाला.

जवळच्या गॅरेजवाल्यानं वाकून पाहिलं. मोटारसायकलीला पंखा असतो यावर त्याचा आधी विश्वास बसेना. पंखा म्हटल्यावर त्याला छताचा वाटला, घरी दुरुस्तीला आणा म्हणाला. मग त्यानं सीटखालची फ्यूज शोधून दिली, ती उडालेली होती. तसली फ्यूज त्याच्याकडं नव्हती. अशोकनं त्याच्याकडून वायरचा तुकडा मागून घेतला, सोलला, आतल्या दहा-बारा तारा पिळून एक जाड तार केली आणि फ्यूजच्या जागी बसवली.

आमच्या भागात विहिरीवरच्या मोटारीला सगळे हेच करतात. फ्यूज सारखी जाते, पीक वाळतं, मग जाड तार टाकतात आणि मोटार चालू करतात. अशोकनं हे लहानपणापासून पाहिलेलं. तो फिटर आहे, पण गोदीतली अक्कल गोदीत ठेवून तो गावाकडं येतो.

तोपर्यंत आम्ही चहा आणि कांदाभजी घेतली. इंजिन निवलं. गाडी सुरू केली तर दिवा गेलेला. "झालं काम," अशोक म्हणाला. मी विचारलं, पंखा फिरताना कुणी पाहिला का? तो म्हणाला, आता गरम नाही म्हणून फिरत नाही. मला ते पटलं नाही, पण मला मोटारसायकलीतलं काय कळतं. गप्प बसले. क्वचित बसते.

सणसर

सणसरला सून, म्हणजे अशोकची बायको, पायावर पाणी घालायला तांब्या घेऊनच उभी होती. बागायतातल्या लोकांची एक रीत मला अजून सोसत नाही. पाहुणा दिसला की गुळाचा खडा आणि पाणी देतात आणि मग अर्धा तास जेवायचं कुणी विचारत नाही. आमच्याकडं गूळ नाही, पण भाकरी लगेच येते. नंतर मात्र सुनेनं ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ताक असं चांगलं जेवायला घातलं. वैशाली माझ्यासमोर बसून राहिली. मी तिला म्हटलं, मिळेल की नाही ते मला विचारू नको, मला ठाऊक नाही. ती म्हणाली, "विचारत न्हाय, आज्जी." आणि पुन्हा तिथंच बसली.

मंगळवारी सकाळी शाळा उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर होतो. हेडमास्तर तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी जुनी रजिस्टरं काढली, लाल फडक्यात बांधलेली, वाळवीनं कडा खाल्लेली. दीड तास शोधलं. मी त्यांना म्हटलं होतं की माझं नाव ठकूबाई. सापडेना. मग मला आठवलं की तेव्हा मला बाई कोण म्हणणार. "ठकी बघा," मी म्हटलं.

ठकी सापडली. मास्तरांनी बोट ठेवून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. नाव ठकी, बापाचं नाव धोंडी, राहणार सणसर. पुढच्या रकान्यावर त्यांचं बोट आलं आणि ते थांबले. त्यांनी रजिस्टर हळूच माझ्याकडं वळवलं.

"वाचा की," मी म्हटलं. "कागदावर हाय तेच वाचायचं हाय."

ते काही वाचेनात. मग मीच वाचलं. महार. अक्षर मोडी वळणाचं, शाई फिकी झाली होती, पण शब्द स्पष्ट होता. ज्या मास्तरानं तो लिहिला त्यानं मला चार वर्षं व्हरांड्यात बसवलं होतं. तिथून फळा अर्धाच दिसायचा, म्हणून माझे पाढे पक्के आहेत आणि बेरजा कच्च्या. पाढे ऐकून येतात. हा शब्द आम्ही छप्पन सालानंतर घरात उच्चारला नव्हता. शंकर तर कुणी उच्चारला तर जेवण टाकून उठायचा. आणि आता त्याच्या नातीसाठी मी तोच शब्द रजिस्टरात शोधत होते, आणि सापडल्यावर मला हायसं वाटलं. मला त्याचा रागही आला. दोन्ही एकदमच आलं, एवढंच सांगते.

मास्तरांनी उतारा लिहून, शिक्का मारून दिला. माझ्यासाठी खुर्ची मागवली होती, ती मी जाताना पाहिली. आम्ही तोवर बाकावर बसून काम उरकलं होतं.

निमगाव केतकीच्या अलीकडं

अकरा वाजता निघालो. कचेरीत चार वाजेपर्यंत पोहोचायचं होतं. सणसर ते इंदापूर तासाभराची वाट, म्हणून अशोक शीळ घालत होता. निमगावच्या अलीकडं वळणावर वाहनांची रांग दिसली. ट्रक, एसट्या, वडापच्या जीपा, सगळं उभं. पुढं रस्त्यावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर आडवे लावून शेतकरी बसले होते. कालव्याचं पाणी सुटलं नव्हतं, ऊस आणि पानमळे वाळत होते, म्हणून रास्ता रोको.

एसटीतली माणसं खाली उतरून झाडाखाली पत्ते खेळत होती. म्हणजे लवकर सुटण्याचं लक्षण नव्हतं. अशोकनं एका माणसाला विनवलं. तो म्हणाला, दुचाकी जाऊ द्या, पण रस्त्यानं नाही, शेजारच्या गाडीवाटेनं. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की मोटारसायकल आणली ते बरं झालं. एसटीनं आलो असतो तर तिथंच बसलो असतो.

गाडीवाट म्हणजे फुफाटा. पायांनी ढकलत, पहिल्या गिअरात, माणसाच्या चालीनं आम्ही निघालो. दोनशे पावलं गेलो असू, तांबडा दिवा लागला. लगेच मला जळका वास आला. लाख जळते तसा, सीटखालून. मी अशोकच्या पाठीत बुक्की मारली.

"बंद कर."

"आत्या, थोडं पुढं—"

"बंद कर म्हटलं ना. वायर जळती."

त्यानं चावी फिरवली. सीटखालून धुराची रेघ निघाली आणि जाळीच्या टोपणातून वाफ सुटली, चुलीवरच्या झाकणासारखी. अशोक घाबरला आणि टोपणाला हात घालायला गेला. मागून कुणीतरी त्याचं मनगट धरलं.

"कुकर शिजत असताना झाकण उघडतो का घरी? तोंड भाजंल."

तो माणूस साठीच्या आतबाहेरचा, डोक्याला टॉवेल, हाताला काळं. नाव बापूराव. निमगावात विहिरीवरच्या मोटारी भरायचं म्हणजे जळालेल्या मोटारीला नवीन तार गुंडाळायचं त्याचं दुकान. दुकान बंद ठेवून तो आंदोलनात बसला होता, पण पिशवी सोबत होती. अशी माणसं लग्नालाही पाना घेऊन जातात.

अशोकनं त्याला सगळं सांगितलं. वैशाली, बुधवार, चार वाजता कचेरी. बापूरावनं मला विचारलं, "कसला दाखला, आक्का?"

"जातीचा."

"कुठल्या तुमी?"

"सणसरचे बौद्ध."

"म्हंजी पूर्वीचे..."

"पूर्वीचंच शोधून आणलंय. ह्या पिशवीत हाय. बघायचं?"

तो हसला आणि कान पकडला. मग गाडीशेजारी मांडी घालून बसला. सीट काढायला लावली, ती जाड तार पाहिली. तारेच्या दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक वितळून गेलं होतं.

"ही कुणी बसवली?"

अशोक फडक्यानं सीट पुसायला लागला.

"फ्यूज उडाली म्हंजी तिनं तुमाला काहीतरी सांगितलं होतं," बापूराव म्हणाला. "तुमी तिचं तोंडच बांधलं. माझं अर्धं दुकान असल्या तारांवर चालतंय, त्यामुळं तक्रार न्हाय."

मी अशोकला तिथंच झाडलं. बारामतीपासून जे गिळलं होतं ते सगळं बाहेर काढलं. फिटर म्हणवतोस, पोरीच्या कोर्सपेक्षा तुला गाडी मिरवायची होती, एसटीनं गेलो असतो तर सकाळी सहाची धरली असती आणि रास्ता रोकोच्या आधी पार झालो असतो. बोलता बोलता माझं मलाच ते खरं वाटायला लागलं. अशोक मान खाली घालून ऐकत होता. तो कधी उलट बोलत नाही, शंकरावर गेलाय.

बापूराव मात्र ऐकत नव्हता. त्यानं वितळलेली तार काढून टाकली. आता पंख्यात कुठूनही वीज जात नाही याची खात्री केली. मग जाळी निवेपर्यंत थांबलो. विहिरीतून मेलेली मोटार वर काढली की तो पहिल्यांदा काय करतो ते त्यानं सांगितलं. बाकी सगळे आधी वीज तपासतात. तो आधी हातानं फिरवून बघतो. हातानं फिरली तर दोष विजेचा. हातानंच फिरत नसेल तर तिला कितीही वीज द्या, ती जळेल पण फिरणार नाही.

त्यानं जाळीमागं दोन बोटं घातली. पंखा हलेना.

"अडकलाय," तो म्हणाला. "काहीतरी गुतलंय दांड्याला. आक्का, तुमच्याकडं सुई-बिई?"

माझ्या चंचीत सुई असते, मोठी, गोधडी शिवायची. ती दिली. त्यानं पंख्याच्या मधल्या दांड्यावरून टोकानं उकरायला सुरुवात केली. आधी सुतळीसारखं काही निघालं, वाळक्या झेंडूच्या पाकळ्यांसकट. मग निळं. ओढत गेला तसं येत गेलं, हातभर, दोन हात. निळी रेशमी फीत, काळ्या ग्रीसनं माखलेली, दोरासारखी पिळलेली. शेवटाला एक गाठ होती.

ती गाठ मी ओळखली.

जळणाच्या मोळीला आम्ही मारतो तीच ती गाठ, दोनदा फिरवून खालून काढलेली. ओढली की आवळते, सुटत नाही. अशोकच्या घरात ती कुणाला येत नाही, त्यांच्याकडं गॅस आहे. एप्रिलमध्ये जयंतीला मी सणसरला गेले होते. मिरवणुकीच्या पुढं अशोकची गाडी होती. सुनेनं हँडलला फीत बांधली ती मला सैल वाटली. मी ती सोडून स्वतः बांधली, वर झेंडूचा हार घातला आणि लोंबणारी टोकं खाली जाळीशेजारी खोचून दिली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. मिरवणूक तीन तास पावलापावलानं चालली. गाडी गरम झाली असणार, पंखा सुरू झाला असणार आणि त्यानं टोकं ओढून गाठीसकट फीत तोडून घेतली असणार. फ्यूज तेव्हाच उडाली. रजा संपली म्हणून अशोक रेल्वेनं मुंबईला गेला आणि गाडी दोन महिने सणसरला छपरात उभी राहिली.

बापूराव फीत हातात धरून म्हणाला, "कुणी बांधली हो ही? गाठ भारी हाय."

अशोकला माहीत होतं. तो मिरवणुकीत शेजारीच उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. "पोरांनी बांधली आसंल," तो म्हणाला.

एवढी बोलणी खाऊन हा मुलगा मला वाचवत होता. मला ते आवडलं नाही.

"मी बांधली," मी म्हटलं. "ह्याचा काही दोष न्हाय. जाड तारेचा तेवढा हाय."

बापूराव दोघांकडं बघून म्हणाला, "अर्धा अर्धा वाटून घ्या की मग. घरचंच हाय."

नंतरचं काम लवकर झालं. त्यानं बोटानं पंखा फिरवला, तो आता हलका फिरला. मग बॅटरीपासून दोन वायरी घेऊन थेट पंख्याला टेकवल्या, आणि पंखा घर्र करून फिरला. "मोटार जिवंत हाय," तो म्हणाला. "आक्कांच्या नाकानं वाचवली. आणखी थोडा वेळ वीज दिली आसती तर मला नवी भरावी लागली आसती, आणि तुमचे चार वाजले आसते." वितळलेल्या वायरीचा तुकडा कापून त्यानं दुसरा जोडला. फ्यूजच्या जागी केसाएवढी एकच तार बसवली आणि अशोकला म्हणाला की पुण्यात गेल्या गेल्या खरी फ्यूज टाक. पुढं कधी पंखा नाही फिरला तर काय करायचं तेही त्यानं सांगितलं. जाळीला एक बटण असतं, पाणी तापलं की ते पंख्याला चालू करतं. त्याच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडायच्या. पंखा फिरला तर बटण मेलं असं समजायचं. पण त्याआधी हात लावून बघायचा. हे हात लावायचं त्यानं तीनदा सांगितलं.

राहिलं पाणी. जाळीतलं निम्मं उकळून गेलं होतं. आणि आम्ही उभे होतो ते पाण्यासाठी रस्ता अडवलेल्या माणसांत. शेजारची कालव्याची चारी कोरडी, तिच्यात कुत्री झोपलेली. मला मागायची लाज वाटली. बापूरावनं नुसती हाक मारली. आंदोलनातल्या बायका दगडांच्या चुलीवर पिठलं-भाकरी करत होत्या, त्यांच्यातली एक प्यायच्या पाण्याची कळशी घेऊन आली. मी म्हटलं, अगं, तुमालाच न्हाय.

"कळशीभर पाण्यानं ऊस काय भिजायचा न्हाय," ती म्हणाली. "गाडी तरी भिजंल."

टोपणावर ओलं फडकं टाकून, हळूहळू सोडत बापूरावनं ते उघडलं आणि पाणी भरलं. तळाशी उरलेलं तिनं तांब्यात ओतून मला दिलं. मी तांब्या तोंडाला लावून प्यायले. ज्या काळात मी शाळेच्या व्हरांड्यात बसायचे त्या काळात मला ओंजळीत वरून ओतत. हे तिला माहीत असेल की नसेल, तिनं तांब्या न विसळता कळशीवर उपडा घातला आणि पिठल्याकडं गेली. बोलण्यासारखं होतं, पण पावणेदोन वाजले होते.

त्यांनी आम्हाला भाकरीवर पिठलं वाढूनच सोडलं. उभ्यानं खाल्लं. पिठल्यात मीठ जास्त होतं.

निघालो तेव्हा गाडीवाट अजून अर्धा मैल होती. शंभरेक पावलांवर खालून घर्र असा आवाज सुरू झाला आणि माझ्या पायाला गरम वारा लागला. पंखा आपोआप फिरत होता. तो आवाज ऐकत डांबरी लागेपर्यंत गेलो.

इंदापूर

तीनच्या सुमाराला कचेरीत पोहोचलो. इंदापूर म्हणजे हायवे, ट्रक आणि त्यांच्यामधून वाट काढणारी माणसं. कारकून शांत माणूस होता. त्यानं उतारा वाचला, माझ्याकडं पाहिलं, परत उतारा वाचला.

"इथं ठकी आहे. अर्जात ठकूबाई."

"लहानपणी ठकी होते," मी म्हटलं. "बाई नंतर झाले."

त्यानं माझं लिहून घेतलं आणि सवयीनं शाईचा पॅड पुढं सरकवला. मी तो परत सरकवला आणि पेन मागितलं. चौथीपर्यंतच्या शाळेचा मला एवढाच उपयोग होत आला आहे, पण तो प्रत्येक वेळी होतो. सही करताना विचारलं, ठकी करू की ठकूबाई? त्यानं दोन्ही करायला सांगितल्या, खालीवर. वरची सही मी पंचावन्न वर्षांनी केली. अक्षर फारसं सुधारलेलं नाही.

साहेब बैठकीला गेले होते. पाच वाजले. अशोक व्हरांड्यात येरझारा घालत होता, मी भिंतीला टेकून बसले. सव्वापाचला साहेब आले. उभ्या उभ्या कागद वाचले, मला एक प्रश्न विचारला, भाऊ थोरला की धाकटा, आणि सही केली. शिक्का लागला. अशोकनं दाखला दोन्ही हातांनी घेतला आणि एसटीडी बूथवर पळाला. सणसरला दुकानात फोन आहे, तिथं वैशालीला बोलावून आणायला सांगितलं. मला बोलायला दिलं.

"मिळाला," मी म्हटलं.

पलीकडून काही आवाज येईना. वेळ वाया चालला होता, म्हणून मी फोन ठेवला.

हायवेवर उजनीची चिलापी तळून मिळते. अशोकनं दोन ताटल्या घेतल्या. कऱ्हाटीत मासे म्हणजे सुका बोंबील, ते पण पाहुणे आल्यावर. ही ताजी, काटे कमी, तिखट लावून कुरकुरीत तळलेली. मी तिन्ही तुकडे खाल्ले आणि अशोकच्या ताटलीतला एक घेतला.

तो तसाच हायवेनं पुण्याला जाणार होता. अर्ज बुधवारी सकाळी द्यायचा. माझ्यासाठी त्यानं बारामतीची एसटी शोधली. रास्ता रोको तोवर सुटला होता. जाताना म्हणाला, "आत्या, फीत टाकून दिली का गं?"

टाकली नव्हती. पिशवीत होती, उताऱ्याच्या शेजारी. ग्रीस लागून उतारा खराब होईल म्हणून मी ती कागदात गुंडाळली होती. घरी आल्यावर सोड्यात उकळली. काळं बरंचसं गेलं, गाठ मात्र सुटली नाही. सुईनंही नाही.

अर्ज वेळेत गेला. वैशालीचं नाव यादीत लागलं आहे.

येत्या जयंतीला फीत मीच बांधणार आहे, हे मी अशोकला आत्ताच कळवून ठेवलं आहे. फक्त मागं बांधेन, नंबरपाटीच्या वर. पुढची बाजू वाऱ्याला मोकळी राहू दे.